ठाण्याला थांबते का?

आमच्या घरी काही संध्याकाळी रेडिओ लागत नसे.

कल्याणचं रेल्वे क्वार्टर. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीच्या तोंडाशी तांब्याचा बंब. बाबा मोटरमन. ड्यूटीवरून आले की जिन्यातूनच आम्हा भावंडांची नावं घेत यायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आली तुमची लोकल." पण वर्षातून एखाद-दुसरा दिवस असा यायचा की जिन्यात आवाज नसे. बाबा आत येत, पिशवी खुंटीला न लावता दाराशीच ठेवत आणि सरळ मोरीत जात. आई काही विचारत नसे. बंबात दोन ढलप्या जास्त सारायची आणि आम्हाला खालच्या आवाजात सांगायची, "आज बाबांच्या मागे लागू नका. गाडीखाली कोणी आलंय."

"कोणी आलंय" असं आम्ही पाहुण्यांबद्दलही म्हणायचो. त्यामुळे लहानपणी माझ्या डोक्यात एक वेगळंच चित्र होतं. कोणीतरी आलं होतं, बाबांकडेच आलं होतं आणि बाबांना त्याला आत घेता आलं नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, ते चित्र फारसं चुकलेलं नव्हतं.

रेल्वेतली माणसं याला 'रन ओव्हर' म्हणतात. मोटरमन स्टेशन मास्तरला मेमो देतो, लोहमार्ग पोलीस येतात, 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते आणि गाडी पुढे निघते. घाईत रूळ ओलांडणारा, गर्दीत दारातून पडलेला आणि आयुष्याला कंटाळून आलेला, तिघंही त्याच रकान्यात जातात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जातात. त्यातली बहुतेक पहिल्या दोन प्रकारची. तिसऱ्या प्रकारची नेमकी किती, हे कागदावरून सांगणं अवघड. जो गेला त्याला विचारता येत नाही आणि घरच्यांना 'अपघात' हा शब्द थोडा तरी सोसतो. मी त्यांना दोष देत नाही.

बाबांना मी एकदाच विचारलं होतं, "तुमच्या सगळ्या नोकरीत किती?" ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "ते मोजायचं नसतं." असा प्रसंग झाला की साहेब विचारायचे, दोन दिवस घरी राहता का. बाबा नको म्हणायचे. घरी बसलं की तेच डोळ्यांपुढे येतं, त्यापेक्षा गाडी बरी. हातात ब्रेक असतो आणि करण्यासारखं काही नसतं, ही गोष्ट आयुष्यात पुन्हा पुन्हा अनुभवलेल्या माणसाच्या मनाचं काय होतं, याला त्या काळी आमच्या घरात शब्द नव्हता. गरम पाणी होतं.

टाळेबंदीनंतर मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका हेल्पलाइनवर आठवड्यातून दोन दिवस फोन घ्यायला लागले. त्याआधी प्रशिक्षण झालं. तिथे पहिल्या दिवशी शब्दांवरच चर्चा झाली. 'आत्महत्या केली' म्हणू नका, कारण 'केली' म्हटलं की गुन्हा केल्यासारखं वाटतं. 'आत्महत्येने मृत्यू झाला' म्हणा. मराठी कानाला हे वाक्य पहिल्यांदा खटकतं. महिनाभरात सवय झाली. पण मला त्या दिवशी आपल्याच भाषेतली दुसरी जोडी आठवत राहिली. आपण म्हणतो 'जीव दिला'. आणि आपणच म्हणतो 'जीव लावला'. देण्याचं काम एकट्याचं. लावायला समोर कोणीतरी लागतं.

प्रशिक्षणात वाचायला दिलेल्या कागदांत व्हिएन्नाची गोष्ट होती. मी ती त्या रात्री दोनदा वाचली.

व्हिएन्नातली भुयारी रेल्वे १९७८ साली सुरू झाली. पहिली काही वर्षं तिथे आत्महत्या फारशा होत नव्हत्या. १९८४ नंतर मात्र संख्या भराभर चढू लागली. शहर तेच, माणसांची दुःखं तीच, गाड्याही त्याच. मग बदललं काय? गेर्नोट सोनेक, एल्मार एट्झर्सडॉर्फर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तमानपत्रं पाहिली. प्रत्येक घटनेची बातमी ठळक मथळ्यानं, तपशिलांसह, कधी नाट्यमय भाषेत छापली जात होती. ऑस्ट्रियातल्या आत्महत्या प्रतिबंध संघटनेनं १९८७ च्या मध्यावर संपादकांसाठी सूचना तयार केल्या. पहिल्या पानावर नको, मथळ्यात तो शब्द नको, कसं घडलं याचं वर्णन नको, 'अमक्यामुळे जीव दिला' असं एकच सोपं कारण नको, मदत कुठे मिळते ते सांगा. वर्तमानपत्रांनी ते ऐकलं. काहींनी अशा बातम्या आतल्या पानावर चार ओळींत घेतल्या, काहींनी छापणंच थांबवलं. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत दुसऱ्या सहामाहीत भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. आणि ही घट पुढेही टिकली.

रुळाला कोणी हात लावला नव्हता. फलाटावर एक खांबही नवा उभारला नव्हता. फक्त एक गोष्ट सांगण्याची पद्धत बदलली होती.

उलटं उदाहरणही जर्मनीत आहे. २००९ साली तिथल्या एका नामवंत फुटबॉल गोलरक्षकाचा असा मृत्यू झाला, काही दिवस सगळीकडे तेच दाखवलं गेलं आणि पुढच्या काही आठवड्यांत रेल्वेवरच्या आत्महत्या लक्षणीय वाढल्या. लिहिणाऱ्यानं कोणाचं वाईट चिंतलेलं नसतं. वाचणाऱ्यांत मात्र एखादा असा असतो, जो त्या दिवशी काठावर उभा असतो, आणि त्याच्यापर्यंत नेमका तेवढाच मजकूर पोचतो.

मी आमच्याकडच्या जुन्या मथळ्यांचा विचार करत बसले. 'प्रेमभंगातून', 'नापास झाल्यानं', 'सासूच्या जाचाला कंटाळून'. माणूस एवढ्या एका शब्दात संपत असता, तर फोनवर तास-तास बोलायला त्याच्याकडे इतकं कुठून आलं असतं? आपल्याकडेही प्रेस कौन्सिलनं २०१९ साली अशाच सूचना दिल्या आहेत. काही वर्तमानपत्रं आता बातमीखाली हेल्पलाइनचा क्रमांक छापतात. मथळे मात्र पुष्कळदा जुनेच असतात. शिवाय आता छापील पान राहिलं नाही, प्रत्येकाच्या हातात फोन आहे. अपघात झालेल्या फलाटावरचा व्हिडिओ डोंबिवलीच्या ग्रुपवर पोलीस पोचण्याआधी पोचतो. मला असा व्हिडिओ आला की मी पाठवणाऱ्याला वैयक्तिक निरोप पाठवते, की हा पुढे पाठवू नका आणि काढता आला तर काढा. दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. चालेल.

व्हिएन्नाच्याच संशोधकांनी पुढे या गोष्टीची दुसरी बाजू शोधली. थोमास नीडरक्रोटेंथालर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं, की काठावरून परत आलेल्या, म्हणजे मनात तसं येऊनही त्या दिवसांतून तगून निघालेल्या माणसांच्या गोष्टी जिथे छापून येतात, तिथे आत्महत्या कमी होण्याशी त्यांचा संबंध दिसतो. त्याला त्यांनी नाव दिलं पापागेनोचं. मोझार्टच्या १७९१ सालच्या ऑपेरात हा पापागेनो आपली प्रिया कायमची गेली असं समजून जीव द्यायला निघतो. तेव्हा तीन मुलगे येऊन त्याला आठवण करून देतात, की अरे, तुझ्याकडे त्या घंटा आहेत ना? त्या वाजव. ते त्याला नवं काही देत नाहीत. त्याच्याजवळ असलेलंच त्याला आठवत नव्हतं, ते दाखवतात. फोनवर आम्ही याहून वेगळं काही करत नाही. सल्ला द्यायची तर सक्त मनाई आहे. "असं करा, तसं करा" हे त्यांना घरी-दारी पुरेसं ऐकायला मिळालेलं असतं.

आता दरवाजांबद्दल. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये काचेचे दरवाजे बसवले, की ते गाडीच्या दरवाजांसोबतच उघडतात आणि बंद होतात. हाँगकाँगमध्ये ते बसवल्यावर आत्महत्या निम्म्याहून जास्त घटल्या. टोकियोत जेमतेम कमरेच्या उंचीचे बसवले, तरी त्या स्थानकांवर ७६ टक्क्यांनी घटल्या. सोलमध्ये ८९ टक्क्यांनी. कोलकात्यात १९८४ साली देशातली पहिली मेट्रो धावली, तिच्या जुन्या मार्गाला हा प्रश्न फार वर्षं छळतो आहे. २०२० साली सुरू झालेल्या तिथल्या पूर्व-पश्चिम मार्गावर मात्र सुरुवातीपासून दरवाजे आहेत.

मी हे सांगितलं की लोक हमखास एक प्रश्न विचारतात: "इथे अडवलं, तर माणूस दुसरीकडे जाणार नाही का?" आधी मलाही तसंच वाटायचं. रिचर्ड सायडन नावाच्या संशोधकानं १९७८ साली याचं उत्तर शोधलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात ज्या ५१५ जणांना ऐनवेळी अडवून परत नेलं होतं, त्यांचं पुढे काय झालं याचा त्यांनी माग काढला. सुमारे ९४ टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणानं गेले होते. म्हणजे ती लाट येते आणि ओसरते. समुद्र तिथेच असतो, दुःख कुठे जात नाही, कर्ज फिटत नाही, गेलेलं माणूस परत येत नाही, पण ती लाट ओसरते. हेल्पलाइनवर मी हे शेकडो वेळा कानांनी ऐकलं आहे. पहिल्या मिनिटाचा आवाज आणि चाळिसाव्या मिनिटाचा आवाज एकाच माणसाचा वाटत नाही. मधल्या वेळात आम्ही काय केलेलं असतं? तो वेळ जाऊ दिलेला असतो, त्याच्यासोबत बसून.

जपानमधली आणखी एक गोष्ट मला फार आवडली होती. तिथल्या काही स्थानकांवर फलाटाच्या टोकाला निळे दिवे लावले. मन शांत होतं म्हणे निळ्या प्रकाशानं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७१ स्थानकांची दहा वर्षांची माहिती तपासली होती आणि दिवे लावलेल्या ठिकाणी ८४ टक्के घट दिसली होती. एक दिवा, निळा, आणि एवढा फरक! मी ओळखीच्या सगळ्यांना ते सांगत सुटले. मग दुसऱ्या संशोधकांचं म्हणणं वाचलं. दिवे लावलेली स्थानकं फक्त अकरा होती, घटनांची संख्या मुळात थोडी, आणि खरी घट १४ टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकत होती. शिवाय दिव्याचा उपयोग रात्री, आणि कितीतरी घटना भर दिवसा होतात. मला वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं कोणीतरी हे तपासलं. या विषयात आशेपोटी काहीही खरं मानून चालत नाही.

आपल्याकडे वडाळ्याला २००९-१० च्या सुमारास असाच एक छोटा प्रयोग झाला होता. तो आत्महत्येसाठी नव्हता, रूळ ओलांडताना मरणाऱ्यांसाठी होता. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला कळावा. एक लांब हॉर्न देण्याऐवजी तुटक हॉर्न द्यायचा. आणि गाडीसमोर सापडलेल्या, भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो रुळांशेजारी लावायचा. त्या जागेचे मृत्यू कमी झाले. बाबा तेव्हा निवृत्त झालेले होते, पण त्यांना ते पिवळे स्लीपर पाहायला जायचं होतं. मी त्यांना घेऊन गेले होते. पुलावरून त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं. "कोणीतरी या टोकाकडूनही विचार केला," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांना मुंबईच्या भुयारी मेट्रो तीनने घेऊन गेले, बीकेसी स्थानकातून. फलाटावर छतापर्यंत काच. आम्ही उभे होतो आणि काचेपलीकडून गाडी आली, वारा नाही, धडधड नाही. बाबांचं वय आता एकोणऐंशी. त्यांनी तळहात काचेवर ठेवला, आईच्या कपाळावर ताप पाहताना ठेवायचे तसा. गाडी आली आणि गेली. आम्ही पुढच्या गाडीनं गेलो, कारण त्यांना अजून थोडं उभं राहायचं होतं.

लोकलला असे दरवाजे लावणं सोपं नाही. बारा डब्यांची गाडी, पंधरा डब्यांची गाडी, वातानुकूलित गाडी, प्रत्येकीच्या दारांच्या जागा वेगळ्या, आणि कित्येक ठिकाणी त्याच रुळावरून मेल-एक्स्प्रेस धडधडत जाणार. ते होईल तेव्हा होईल. तोवर फलाटावर आहोत ते आपणच.

इथे मला ब्रिटनमधलं काम सगळ्यात जवळचं वाटतं. चॅड वारा या धर्मगुरूंनी १९५३ साली लंडनमध्ये सॅमॅरिटन्स ही ऐकून घेणाऱ्यांची संस्था सुरू केली. २०१० पासून ती तिथल्या रेल्वेसोबत काम करते. तिकीट तपासणारे, फलाटावरचे कर्मचारी, सफाई करणारे, अशा हजारो लोकांना शिकवलं गेलं, की कोणी वेगळा दिसला तर त्याच्याजवळ कसं जायचं. मिडलसेक्स विद्यापीठात लिसा मार्झानो आणि सहकाऱ्यांनी जे कधीतरी त्या विचारापर्यंत पोचले होते, अशांनाच विचारलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३५३ जणांनी प्रश्नावली भरली होती आणि ३४ जणांशी सविस्तर बोलणं झालं होतं. 'तुम्ही काय विचार करत होतात' हे थेट त्यांच्याकडूनच ऐकायचं, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. आपण त्यांच्याबद्दल बोलतो पुष्कळ, त्यांच्याशी बोलत नाही.

२०१७ मध्ये तिथे सामान्य प्रवाशांसाठी मोहीम सुरू झाली. तिचं म्हणणं इतकं साधं की विश्वास बसत नाही. फलाटावर कोणी एकटं, हरवल्यासारखं, बराच वेळ गाडी न पकडता उभं दिसलं तर त्याच्याशी काहीतरी बोला. काहीही. हवा कशी आहे. ही गाडी कुठे जाते. चहा कुठे मिळतो. त्या एका प्रश्नानं विचारांची साखळी तुटते. तिथल्या रेल्वेची आकडेवारी सांगते, की एक जीव जातो तेव्हा आसपासच्या माणसांनी मध्ये पडल्यामुळे सहा वाचलेले असतात.

सहा. मी प्रशिक्षणात हा आकडा ऐकला तेव्हा मला ठाकुर्लीचं बाकडं आठवलं.

२०१३ ची गोष्ट. सकाळचे अकरा वाजून गेलेले, गर्दी ओसरलेली. माझी गाडी चुकली होती. फलाटाच्या पार टोकाच्या बाकड्यावर एक मुलगी बसलेली, बावीस-तेवीसची. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. एक गाडी आली, गेली. ती उठली नाही. दुसरी गेली. गर्दीच्या वेळी तीन गाड्या सोडणं आपल्याकडे रोजचंच असतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण त्या गाड्यांत बसायला जागा होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं की नाही, ठाऊक नाही. माझ्या मनात आलं, विचारावं का? मग आलं, कोणाची तरी वाट पाहत असेल, आपण कोण विचारणारे, उगाच चोंबडेपणा. माझी गाडी आली. मी चढले. दारातून वळून पाहिलं तेव्हा ती तशीच बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पेपरमध्ये ठाकुर्लीची बातमी शोधली. तिसऱ्या दिवशीही. काही नव्हतं. काही झालंही नसेल. तिचं भांडण झालं असेल, मैत्रीण यायची असेल, नुसतीच दमली असेल. मॉन्ट्रियलच्या मेट्रोत ब्रायन मिशारा आणि सहकाऱ्यांनी साठ घटनांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं, तेव्हा त्यांनाही साधारण चौथा हिस्साच वागण्यावरून आधी ओळखता आला. बाकीचे तुमच्या-माझ्यासारखेच उभे होते. म्हणजे पाहून कळेलच असं नाही. हे मला ठाऊक आहे. तरी गेली बारा वर्षं त्या स्टेशनातून गाडी जाते तेव्हा माझी नजर त्या बाकड्याकडे जाते. चोंबडेपणा तर चोंबडेपणा, विचारायला हवं होतं. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीतीही खरी नाही. २०१४ साली त्या वेळपर्यंतच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात तसं कुठेही दिसलं नाही. उलट कोणीतरी सरळ विचारलं, म्हणून हलकं वाटल्याचं माणसं सांगतात. मला फोनवर सांगतात.

आणि खरं सांगायचं तर ब्रिटिशांना हे शिकवावं लागलं, आपल्याला का लागावं? आपण तर अनोळखी माणसाला विचारण्यात पिढ्यानपिढ्या तरबेज. एसटीत शेजारी बसलेल्याचं गाव, गोत, मुलाबाळांची लग्नं स्वारगेटहून खंडाळ्याला पोचेपर्यंत कळलेली असतात. लेडीज डब्यात पाय टाकला की पहिला शब्द, "कुठे?" म्हणजे कुठे उतरणार, म्हणजे तुमची सीट मला मिळेल का. त्या एका शब्दावरून डोंबिवली ते दादर कितीतरी मैत्रिणी जुळलेल्या मी पाहिल्या आहेत. डोळे पुसणाऱ्या बाईला कोणी न विचारता खिडकी देतात, पाण्याची बाटली पुढे करतात, कोथिंबीर निवडता निवडता "काय गं, घरी काही?" म्हणतात. पण आता कानात इअरफोन असतात. फोनच्या पडद्यातून मान वर काढणं जड जातं. मीही तशीच झाले होते. हेल्पलाइनवर आल्यानंतर पुन्हा विचारायला शिकले. पहिला प्रश्न साधा, पुढचा त्याच्याहून साधा, आणि उत्तर आलं तर तिथून हलायचं नाही. बोलणं आपल्या आवाक्याबाहेर जातंय असं वाटलं तर फलाटावरच्या पोलिसाला, स्टेशन मास्तरला सांगायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार धरायचं नाही, मदत करायची असं स्पष्ट सांगितलं आहे, तेव्हा त्याला पोलिसांत अडकवतोय ही धास्ती बाळगू नये. आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक द्यायचा, किंवा शेजारी उभं राहून लावून द्यायचा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःसाठी तो हवा असेल, तर तोच.

२०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येनं गेली, त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली. राज्यांच्या यादीत आपण सगळ्यात वर होतो. मी हा आकडा कोणाला सांगितला की लोक शेतकऱ्यांचं नाव घेतात आणि विषय गावाकडे ढकलतात. ते दुःख खरंच आहे. पण आपण रोज जिथे उभे राहतो त्या फलाटावरही तो आकडा उभा असतो.

एके दिवशी दुपारच्या चहाला मी बाबांना मिडलसेक्सच्या अभ्यासाबद्दल सांगत होते. आता आम्ही या गोष्टी बोलतो. आई गेल्यानंतर बोलायला लागलो. मी म्हटलं, "बाबा, त्या लोकांना विचारलं होतं, की तुम्ही परत का फिरलात. बऱ्याच जणांनी एक कारण सांगितलं, गाडी चालवणाऱ्याचा विचार मनात आला. त्याला काय वाटेल, त्याच्या डोळ्यांसमोर ते कायम राहील."

बाबांनी कप बशीत ठेवला.

"माझा?"

"म्हणजे मोटरमनचा."

"काचेमागे कोणी बसलंय, हे त्यांच्या लक्षात येतं?"

"काहींच्या येतं. आणि मग ते घरी जातात."

ते बराच वेळ गप्प होते. चहावर साय धरली. मग म्हणाले, "मला वाटायचं, आमच्याकडे कोणी बघतच नाही." आणि थोड्या वेळानं: "म्हणजे जे आले ते मला माहीत. जे परत गेले ते मला कधी कळलेच नाहीत."

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा मला आकडा सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही. मोजायचं नसतं म्हणणाऱ्या माणसानं एकेक तारीख, एकेक स्टेशन लक्षात ठेवलं होतं. मी उठून गीझर लावला. आईनं काय केलं असतं, तेवढंच मला सुचलं.

या गोष्टीला महिना झाला असेल. ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना न्यायचं होतं. दुपारी दीडची वेळ, डोंबिवलीचा फलाट बऱ्यापैकी रिकामा. मी पाण्याची बाटली घ्यायला स्टॉलवर गेले. परत येते तर बाबा होते तिथे नाहीत. पाहिलं, तर काठी टेकत टेकत फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला निघालेले. तिथे एक मुलगा उभा होता, पाठीला सॅक, मान खाली. आम्ही आलो तेव्हाही तो तिथेच होता, मधल्या दोन गाड्या गेल्या होत्या. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाबांना अजूनही टाइमटेबल तोंडपाठ आहे. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते आणि कुठे क्रॉसिंगला अडकते, ते झोपेत सांगतील. ठाण्याला न थांबणारी लोकल असत नाही, हे डोंबिवलीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते त्या मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले, जरा दम खाल्ला आणि काठीनं इंडिकेटरकडे दाखवत विचारलं, "बाळा, ही ठाण्याला थांबते का रे?"

मुलानं एकदम वर पाहिलं. कानातला इअरफोन काढला.

"काय, काका?"

"ठाण्याला. थांबते का?"

"हो... सगळ्याच थांबतात."

"हं. डोळ्याला नीट दिसत नाही आता." बाबा हलले नाहीत. "तू कुठे निघालास?"

मुलानं लगेच उत्तर दिलं नाही. गाडी आली. दारं रिकामी होती, मी लांबूनच हात केला, बाबांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. गाडी सुटली. तोवर तो मुलगा बाकड्यावर बसला होता आणि बाबा त्याच्या शेजारी, काठी दोन पायांत धरून. मी माझ्या जागेवरून दिसत होतं तेवढं पाहिलं: मुलगा बोलत होता.

डॉक्टरांना फोन करून मी संध्याकाळची वेळ मागून घेतली.